थांब म्हणायला उशीर झालेला असतो

2003 साली आम्ही टेक्सासमध्ये अर्व्हिंगला राहत होतो. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या डॅलस काउबॉइज संघाचं जुनं टेक्सास स्टेडियम, ते छताला मधोमध भलंमोठं भगदाड ठेवलेलं, आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर होतं. त्या ऑक्टोबरात सांगलीहून बाबा आले होते. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ एकटेच राहायचे. बाबांना दिवसभर करमत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. 5 तारखेच्या रविवारी त्यांनी आम्हाला मॅच बघायला खाली बोलावलं. त्यांच्या अंगात 22 नंबरची जर्सी, एमिट स्मिथची. स्मिथ म्हणजे रनिंग बॅक, बॉल घेऊन धावणारा खेळाडू.

त्या दिवशी स्मिथ मात्र डॅलसकडून खेळत नव्हता. तेरा हंगाम खेळून आणि तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएल या लीगची अजिंक्यपदं, जिंकून दिल्यावर डॅलसने फेब्रुवारीत त्याला मोकळं केलं होतं. आता 34 व्या वर्षी तो अ‍ॅरिझोना कार्डिनल्सचा होऊन आपल्या जुन्या मैदानावर उतरला होता. जेमतेम वर्षापूर्वी, 27 ऑक्टोबर 2002 ला, याच मैदानात त्याने वॉल्टर पेटनचा, कारकिर्दीत बॉल घेऊन 16,726 यार्ड धावण्याचा विक्रम मोडला होता. त्या रविवारी त्याच्या हातात सहा वेळा बॉल आला. सहा वेळांची बेरीज झाली उणे एक यार्ड, म्हणजे पुढे जाण्याऐवजी एक यार्ड मागेच. डॅलसच्याच एका तरुण बचावपटूने त्याला असा काही आदळला की खांद्याचं हाड मोडलं, आणि तो बाहेर गेला तो परत आला नाही.

शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "याने थांबायला हवं होतं," ते म्हणाले. "विक्रम केला त्या दिवशीच थांबायला हवं होतं. हे बघायची वेळ आली नसती."

मी भाषांतर करून सांगितलं. बाबा तरुणपणी तालमीकडून कबड्डी खेळलेले. अठ्ठाविसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ सुटला. त्यांना या खेळाचे नियम ठाऊक नव्हते, पण पडणं त्यांना कळत होतं. ते मला म्हणाले, "अगं, हा माणूस पडताना हात टेकत नाही. दोन्ही हातांनी बॉल पोटाशी धरतो आणि तसाच पडतो. आमचे निदान हात मोकळे असायचे." मग जरा वेळाने म्हणाले, "त्यांना विचार, हे बघायची वेळ कुणावर आली? त्याच्यावर की आपल्यावर?"

मी ते विचारलं नाही. पाहुणचार घेत बसलेलो असताना ते बरं दिसलं नसतं. पण गेली वीस-बावीस वर्षं, कुठलाही वयस्क रनिंग बॅक संघाने सोडला आणि 'आता निवृत्त हो, दुसऱ्या गावात जाऊन नाव घालवू नकोस' अशी चर्चा सुरू झाली, की मला तो प्रश्न आठवतो. माझं मत त्या प्रश्नापाशीच तयार झालं आहे. रनिंग बॅकने कधी थांबावं हे ठरवण्याचा आपल्याला, बघणाऱ्यांना, काडीचाही अधिकार नाही. आणि ज्यांना त्याच्या शरीराची खरोखर काळजी आहे, त्यांनी ती दहा वर्षं आधी बोलून दाखवायला हवी.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी या माणसाचं काम सांगते. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चाल सुरू करणारा खेळाडू, त्याच्या पोटात बॉल ठेवतो. समोर दोन्ही बाजूंचे लाइनमन एकमेकांना भिडलेले असतात, एकेक जण सव्वाशे-दीडशे किलोचा. त्यांच्यामध्ये क्षणभर फट उघडते. रनिंग बॅकने त्या फटीतून पलीकडे जायचं. पलीकडे त्याला पाडायलाच माणसं उभी असतात. सरासरी चार यार्ड मिळाले की काम चोख झालं. मग उठायचं, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने पुन्हा. ज्या वेळी बॉल त्याच्याकडे नसतो त्या वेळीही सुटका नाही, कारण क्वार्टरबॅककडे धावत येणाऱ्याला छातीवर घेऊन अडवायचं कामही त्याचंच.

स्मिथच्या सगळ्या कारकिर्दीचे यार्ड झाले 18,355. किलोमीटरमध्ये मांडले तर पावणेसतरा. म्हणजे सीएसएमटीहून लोकल पकडली आणि कुर्ला सोडून थोडं पुढे गेलं, एवढं अंतर. तेवढं अंतर कापायला त्याने 4,409 वेळा बॉल हातात घेतला, आणि त्यातला बहुतेक प्रत्येक वेळा जमिनीवर आपटून संपला. तरी तो आजही या यादीत पहिला आहे.

शरीर थकतं ते असं. आणि थकवा दिसतोही फार थोड्या जागेत. पहिल्या पावलातला जोर किंचित कमी होतो, फट मिटण्याआधी पलीकडे जाणारा पाय आता फट मिटताना पोचतो. तिशीच्या आसपास बहुतेकांचं हे होतं. कुणी सत्ताविसाव्या वर्षीच संपतो. टॉड गर्ली 2017 चा आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, 2018 ला त्याला साडेचार कोटी डॉलरच्या हमीचा करार मिळाला, 2020 च्या मार्चमध्ये संघाने त्याला काढून टाकलं, आणि त्याच वर्षी अटलांटाकडून तो शेवटचा खेळला. वय 26. गुडघा संधिवाताने ग्रासलेला.

आता याच्या शेजारी कराराचा हिशोब ठेवून बघा. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्यात, उतरता येत नाही. ती तीन वर्षं मुलगा कॉलेजकडून हाडं मोडून घेतो, आणि 2021 पर्यंत स्वतःच्या नावावर, स्वतःच्या चेहऱ्यावर एक डॉलर कमवायचीही त्याला परवानगी नव्हती. ड्राफ्टनंतर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या सामूहिक कराराप्रमाणे चार वर्षांचं ठरीव वेतन, पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर, आणि पहिले तीन हंगाम संपेपर्यंत वाटाघाटीचं दार बंद. यातून तो बाहेर पडला की संघ त्याच्यावर 'फ्रँचायझी टॅग' लावू शकतो. म्हणजे एकाच वर्षाचा पगार, रक्कम ठरलेली, आणि दुसऱ्या संघाकडे मोकळेपणी जायची वाट अडवलेली. पुढच्या वर्षी पुन्हा तोच टॅग.

एकवीस-बाविसाव्या वर्षी आलेला मुलगा या चक्रातून सुटतो तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झालेला असतो. ज्या वर्षांत त्याचे पाय जगात सर्वांत महाग विकले गेले असते, नेमकी तीच वर्षं बांधलेली. आणि सुटला, बाजारात आला, की बाजार म्हणतो, तू म्हातारा झालास.

2023 मध्ये रनिंग बॅकचा टॅग होता सुमारे 1 कोटी 1 लाख डॉलर, क्वार्टरबॅकचा 3 कोटी 24 लाख. त्या जुलैत लीगमधले नावाजलेले रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र आले, काय करता येईल ते बोलायला. फार काही करता आलं नाही. 53 जणांच्या संघात रनिंग बॅक तीन-चार. खेळाडूंच्या संघटनेत मतदान झालं तरी ते अल्पसंख्यच राहणार. लेव्हियन बेल 2018 मध्ये 1 कोटी 45 लाखांच्या टॅगवर सही न करता अख्खं वर्ष घरी बसला, आणि तो लोभी असल्याचा शिक्का लोकांनी त्याच्यावर मारला. आपल्या गुडघ्यांची किंमत मागणारा माणूस लोभी ठरतो आणि ते गुडघे ठरीव दरात वापरणारा संघ शहाणा ठरतो, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आपल्याकडे निवृत्तीचा विषय निघाला की विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य येतंच येतं. लोकांनी 'का थांबलास?' विचारावं तेव्हा थांबावं, 'का थांबत नाहीस?' विचारायची पाळी आणू नये. मर्चंट यांनी ते करून दाखवलं. 1951 मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध 154 धावा, त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी, आणि तीच त्यांची शेवटची कसोटी. वय चाळीस. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला होता हे सांगायचं मात्र बरेच जण विसरतात. आणि मर्चंट कापडगिरण्यांच्या मालकांच्या घरातले होते. क्रिकेट त्यांचं प्रेम होतं, पोट नव्हतं. त्यांचा मान जराही कमी न करता म्हणते, की वेळेवर थांबण्याचा रुबाब परवडावा लागतो. ज्याची कमाईची खरी संधी अठ्ठाविसाव्या वर्षी उघडते आणि तिसाव्या वर्षी मिटते, त्याला तो मापदंड लावणं अन्याय आहे.

अमेरिकेत मर्चंट यांच्या जागी दोन नावं घेतात, जिम ब्राउन आणि बॅरी सँडर्स. दोघे शिखरावर असताना गेले, म्हणून आदर्श. मी या दोघांच्या जाण्याबद्दल जितकं वाचत गेले तितकं ते आदर्श निरोप मला भांडणासारखे दिसू लागले. ब्राउनने क्लीव्हलँडकडून नऊ हंगामांत 12,312 यार्ड काढले, आठ वेळा तो लीगमध्ये पहिला आला, एकही सामना चुकवला नाही. 1966 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकला होता, सराव शिबिराला यायला उशीर होणार होता. मालकाने दंड लावायची धमकी दिली. ब्राउनने तिथूनच निवृत्ती जाहीर केली, वय तीस. त्याच्याकडे दुसरा धंदा तयार होता म्हणून त्याला ते जमलं.

सँडर्सने 1999 च्या जुलैत आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला फॅक्स करून डेट्रॉइट लायन्स सोडल्याचं कळवलं. 15,269 यार्ड, पेटनच्या विक्रमाला 1,457 कमी. दोनच वर्षांपूर्वी त्याने एका हंगामात 2,053 काढले होते. तो दमला होता तो हरण्याला. दहा वर्षांत त्याच्या संघाने बाद फेरीतला एकच सामना जिंकला होता. डेट्रॉइटने त्याला दुसरीकडे जायला मोकळं केलं नाही, उलट बोनसचा काही भाग परत मागितला आणि तो त्याला द्यावाही लागला. त्याला दुसऱ्या शहरात जाऊन दोन वर्षं खेळता आलं असतं तर? आपण त्याला 'योग्य वेळी थांबलेला' म्हणून डोक्यावर घेतो. मला त्यात अडवून ठेवलेला माणूस दिसतो.

याच्या उलट टोकाला अर्ल कॅम्पबेलचं नाव येतं, आणि या नावापुढे मला थांबावंच लागतं. ह्यूस्टन ऑइलर्सचा कॅम्पबेल समोरच्याला टाळून जात नसे, अंगावर घेऊन जायचा. 1980 मध्ये त्याला 373 वेळा बॉल दिला गेला आणि त्याने 1,934 यार्ड काढले. पुढे तो न्यू ऑर्लिन्सला गेला, आपल्या जुन्या प्रशिक्षकाकडेच, आणि तिथे फारसं काही झालं नाही. आठ हंगामांत कारकीर्द संपली. नंतर पाठीचा कणा, गुडघे, सगळंच गेलं. काठी, मग चाकाची खुर्ची. 'वेळेत थांबला असता तर' असं त्याच्याबद्दलही म्हणतात.

पण वेळ म्हणजे कोणती? न्यू ऑर्लिन्सला गेला ती? तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याचं शरीर मोडलं ते पंचविशीत, ह्यूस्टनच्या मैदानावर, भरल्या स्टेडियमसमोर, आणि त्या वेळी एकाही माणसाने उभं राहून म्हटलं नाही की या पोराला वर्षात पावणेचारशे वेळा बॉल देऊ नका. सगळे ओरडत होते, अजून द्या. चौतीस वर्षांचा माणूस अडखळला की आपल्याला त्याच्या तब्येतीची आठवण होते. चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा आठवड्याला पंचवीसदा आदळला जातो तेव्हा आपण चिप्स खात बसलेलो असतो. मीही त्यात आहे.

मेंदूचा प्रश्न तर याहून गंभीर. 2017 मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या 111 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, त्यांतल्या 110 मध्ये सीटीई हा वारंवारच्या आघातांनी होणारा विकार सापडला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते, बहुधा काहीतरी बिनसलंय हे दिसल्यावरच, त्यामुळे प्रत्येक शंभरातल्या नव्व्याण्णवांना तो होतो असा अर्थ काढणं चूक. पण तरीही. हा विकार आघात साचत जाऊन होतो, आणि ते साचणं शाळकरी वयापासून सुरू असतं. 'म्हणूनच थांबा' असं मला कुणी म्हणालं तर मी ऐकेन. फक्त हे त्याला तिसाव्या वर्षी, विक्रम झाल्यावर आणि आपलं मन भरल्यावर सांगायचं, असं चालणार नाही.

दुसऱ्या शहरात जाऊन 'नाव घालवणं' हाही एक समजच आहे. फ्रँको हॅरिसने पिट्सबर्ग स्टीलर्सला चार सुपर बोल मिळवून दिले. 1984 मध्ये पैशांवरून बिनसलं, संघाने त्याला सोडलं, आणि तो सिअ‍ॅटलला गेला. आठ सामने, 170 यार्ड, संपलं. जिम ब्राउनच्या आकड्याला 192 यार्ड कमी पडले. त्या वेळी केवढी हळहळ व्यक्त झाली! आज पिट्सबर्गमध्ये कुणाला सिअ‍ॅटल आठवतं? 2022 च्या डिसेंबरात स्टीलर्सने त्याचा 32 नंबर कायमचा बाजूला ठेवला. समारंभाच्या काही दिवस आधीच हॅरिस गेला, आणि सारं गाव त्याच्यासाठी रडलं. आठ सामन्यांनी काहीही पुसलं गेलं नाही. नावं इतकी पातळ नसतात.

आणि कधी कधी नवं शहर फळतंही. डेरिक हेन्री टेनेसीत आठ हंगाम काढून तिसाव्या वर्षी बाल्टिमोरला गेला. 2024 मध्ये त्याने 1,921 यार्ड धावून दाखवले. त्याची अंगकाठी वेगळी आहे, बाल्टिमोरची लाइन वेगळी आहे, बचावाची नजर क्वार्टरबॅककडे लागलेली असते. त्याच्यावरून नियम काढू नये, काढला तर उद्या प्रत्येक तिशीतल्याला 'हेन्रीला जमलं, तुला का नाही' असं ऐकावं लागेल. फ्रँक गोरचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. कॉलेजातच दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया, तिसऱ्या फेरीत निवडलेला, आणि सोळा हंगाम खेळला. सॅन फ्रान्सिस्को सोडल्यावर इंडियानापोलिस, मायामी, बफेलो, न्यूयॉर्क. शेवटच्या गावांत गाजावाजा नव्हता. दोन यार्ड, तीन यार्ड, ऊठ, पुन्हा. बरोबर 16,000 यार्डांवर तो थांबला, यादीत तिसरा. त्याला कुणी शिखरावर थांब म्हणालं असतं तर तो हसला असता, कारण त्याला खेळायचं होतं ते शिखरासाठी नव्हतंच.

मग करायचं काय? लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करार 2030 च्या हंगामापर्यंत आहे. त्यानंतरच्या करारात रनिंग बॅकसाठी पहिली बांधणी चारवरून तीन किंवा दोन वर्षांवर आणावी आणि त्यांच्यावरचा टॅग काढून टाकावा, एवढं झालं तरी तिशीत जीव मुठीत धरून दुसऱ्या गावाला जायची गरज बऱ्याच जणांची संपेल. दुसरी गोष्ट आरोग्याची. ठरावीक हंगाम पूर्ण केलेल्या खेळाडूला निवृत्तीनंतर लीगचा आरोग्यविमा मिळतो तो पाच वर्षं. कॅम्पबेलसारख्याची पाठ पाच वर्षांत जात नाही, ती वीस वर्षांनी जाते, मेंदू त्याहूनही उशिरा. विमा जन्मभराचा हवा. आणि शरीराची खरी तपासणी करणारा डॉक्टर संघाच्या पगारावर नसावा, कारण संघाला एक प्रश्न असतो, 'रविवारी खेळेल का?', आणि खेळाडूला दुसराच, 'पन्नाशीत जिना चढेन का?' त्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर हातात असेल, तर थांबायचं की निघायचं हे तो माणूस आपल्या बायकोमुलांशी बोलून ठरवेल. चुकीचं ठरवेल कदाचित. ती चूक करायचा हक्क त्याने 4,409 वेळा पडून मिळवलेला आहे.

स्मिथने त्या मोडलेल्या खांद्यानंतरही थांबायचं नाकारलं. 2003 चा तो हंगाम 256 यार्डांवर संपला. विक्रमासाठी खेळत होता म्हणावं तर तो डॅलसमध्येच झालेला होता, अ‍ॅरिझोनाचे यार्ड धरले नाहीत तरी तोच पहिला राहतो. पस्तिसाव्या वर्षी, 2004 मध्ये, तो पुन्हा उभा राहिला आणि 937 यार्ड, नऊ टचडाउन (बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडणं) करून गेला. संघ हरतच होता, अ‍ॅरिझोनाच्या सामन्यांकडे देशाचं लक्ष नव्हतं. उणे एक यार्डवाला रविवार सगळ्यांना आठवतो, हे वर्ष कुणाला आठवत नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्याने डॅलसबरोबर एका दिवसाचा करार केला आणि त्या संघाचा खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली.

बाबा तोवर सांगलीला परतले होते. रविवारच्या फोनवर मी त्यांना सांगितलं, तो तुमचा माणूस थांबला.

"किती धावला यंदा?"

"937 यार्ड. म्हणजे साडेआठशे मीटर धरा."

"वर्षभरात?" त्यांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं असावं. "आणि कितीदा गेला बॉल घेऊन?"

"267 वेळा."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "मग खांदा चांगला बसला म्हणायचा."